पर्वतीय वनमृदेतील सूक्ष्मजीव

पर्वतांच्या उतारांवरील वनांखालच्या मृदेत व तिच्यावरील पालापाचोळ्याच्या थरात राहणारे, सामान्यतः नुसत्या डोळ्यांनी न दिसणारे जीव. यांत सूक्ष्मजंतू (ॲक्टिनोमायसीट हा त्यांचाच एक गट होय), आर्किया, कवक, शैवले, प्रजीव व व्हायरस यांचा समावेश होतो. गळलेली पाने, फांद्या, मृत मुळे व प्राण्यांचे अवशेष यांचे विघटन करून त्यांतील मूलद्रव्ये वनस्पतींना पुन्हा उपलब्ध करून देणे, हवेतील नायट्रोजनाचे स्थिरीकरण, खडकांतील खनिजे विरघळविणे आणि मातीचे कण एकमेकांस चिकटवून मृदेची घडण टिकविणे ही त्यांची मुख्य कार्ये होत. सपाट प्रदेशात नद्यांनी आणलेल्या गाळामुळे मृदेतील पोषक द्रव्यांची काही प्रमाणात भरपाई होते. उतारावरील वनास अशी भरपाई क्वचितच मिळते. उलट पावसाचे पाणी विरघळलेली द्रव्ये सतत खाली वाहून नेत असते. त्यामुळे एकदा मिळालेली द्रव्ये पुन्हा पुन्हा वापरणे हाच अशा वनाच्या निर्वाहाचा मुख्य मार्ग असतो व तो या सूक्ष्मजीवांवर अवलंबून असतो.

इतिहास : सेंद्रिय पदार्थांचे कुजणे व मृदेत नायट्रेट तयार होणे या केवळ रासायनिक क्रिया आहेत, असा समज एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत रूढ होता. जे. जे. टी. श्लेसिंग व ए. म्यून्ट्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ मध्ये नायट्रीकरणाची क्रिया सजीवांमुळे घडते, हे दाखवून दिले. रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एस. एन. विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास ही क्रिया करणारे सूक्ष्मजंतू अलग केले. डच शास्त्रज्ञ एम. डब्ल्यू. बायेरिंक यांनी १८८८ मध्ये शिंबावंत वनस्पतींच्या मुळांवरील गाठींतील सूक्ष्मजंतूंचे संवर्धन केले व १९०१ मध्ये ॲझोटोबॅक्टर या मुक्तजीवी, नायट्रोजन स्थिर करणाऱ्या प्रजातीचे वर्णन केले.

वनमृदेचा स्वतंत्र अभ्यास याच काळात सुरू झाला. डॅनिश वनशास्त्रज्ञ पी. ई. म्यूलर यांनी १८७८ पासून प्रसिद्ध केलेल्या लेखांत वनांतील ह्यूमसाचे ‘मल’ व ‘मॉर’ असे दोन प्रकार मानले आणि त्यांतील फरक गांडुळे, कवक इ. सजीवांच्या कार्यामुळे पडतो, असे प्रतिपादन केले. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ए. बी. फ्रांक यांनी १८८५ मध्ये वृक्षांच्या मुळांवर कवकांचे आवरण असते व ते झाडास उपकारक ठरते, असे मत मांडून या संयुक्त अवयवास मायकोरायझा (कवकमूल) हे नाव दिले. फ्रांक यांच्याकडे मुळात ट्रफल या खाद्य कवकाची लागवड करता येईल का, हे पाहण्याचे काम सोपविण्यात आले होते. लागवड साधली नाही, तरी त्यातून वनांच्या पोषणाविषयीची एक मूलभूत कल्पना पुढे आली. एन. बेर्नार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञांनी १८९९ मध्ये ऑर्किडाच्या बियांचे अंकुरण कवकांच्या साहाय्याने होते, असे दाखविले.

पर्वतीय वनमृदेची वैशिष्ट्ये : उतारामुळे मृदेचा थर सामान्यतः पातळ असतो व थोड्या थोड्या अंतरावर त्याची जाडी बदलते. उंची वाढत जाते तसे हवेचे तापमान दर १,००० मी.ला सरासरीने सु. ६·५° से. ने उतरते. त्यामुळे एकाच पर्वताच्या पायथ्यापासून वृक्षरेषेपर्यंत, काही किलोमीटरांच्या अंतरात, उष्ण कटिबंधापासून शीत कटिबंधापर्यंतच्या मृदास्थिती आढळतात. उताराची दिशाही महत्त्वाची असते. हिमालयात दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर ऊन अधिक पडते व मृदा लवकर सुकते. उत्तरेकडील उतारांवर ओलावा व बर्फ अधिक काळ टिकतात. साहजिकच समान उंचीवरही दोन्ही बाजूंच्या सूक्ष्मजीवांच्या कार्याचा वेग व हंगाम भिन्न असतो.

वनमृदेचा उभा छेद घेतल्यास सर्वांत वर ताजा पालापाचोळा, त्याखाली अर्धवट कुजलेला थर, नंतर काळसर ह्यूमस व त्याखाली खनिजयुक्त मृदा असे थर दिसतात. सूक्ष्मजीवांची संख्या वरच्या काही सेंटिमीटरांत सर्वांत जास्त असते व खोलीबरोबर झपाट्याने घटते. रुंदपर्णी वनांत, जेथे मृदेत चुना पुरेसा असतो तेथे गांडुळे व सूक्ष्मजंतू ह्यूमस खनिज मातीत मिसळून टाकतात. हा मल प्रकार होय. थंड प्रदेशातील सूचिपर्णी वनांत सुयांसारखी पाने सावकाश कुजतात, त्यांतून अम्ले निघतात आणि ह्यूमसाचा वेगळा, चटईसारखा थर साचतो. हा मॉर प्रकार होय. अशा मृदेचे पीएच मूल्य ५ पेक्षाही कमी असू शकते. अम्लता वाढते तसे सूक्ष्मजंतूंच्या तुलनेत कवकांचे प्राबल्य वाढते.

प्रमुख गट : (१) सूक्ष्मजंतू : एक ग्रॅम वनमृदेत त्यांची संख्या सामान्यतः सु. १० कोटी ते १ अब्ज व कित्येकदा त्याहूनही अधिक असते आणि त्यांत हजारो जाती असतात. ॲसिडोबॅक्टेरिया हा गट अम्लधर्मी वनमृदेत विपुल आढळतो. परंतु त्यातील बहुसंख्य जाती प्रयोगशाळेतील नेहमीच्या संवर्धकांवर वाढत नसल्यामुळे विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तो जवळजवळ दुर्लक्षित राहिला. बायेरिंकिया ही प्रजाती अम्लधर्मी उष्णकटिबंधीय मृदेत नायट्रोजन स्थिर करते. तिच्यातील एक जाती आर. एल. स्टार्की व पी. के. दे यांनी १९३९ मध्ये भारतातील भातशेतीच्या मृदेतून प्रथम मिळविली.

(२) ॲक्टिनोमायसीट : हे तंतुमय सूक्ष्मजंतू काष्ठमय पदार्थ व कवकांच्या भित्तींतील कायटिन यांचे विघटन करू शकतात. यांतील स्ट्रेप्टोमायसीज प्रजातीतील अनेक जाती प्रतिजैविके निर्माण करतात. स्ट्रेप्टोमायसिनाचा शोध १९४३ मध्ये मृदेतील अशाच एका जातीपासून लागला व त्याबद्दल एस. ए. वाक्समन यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पहिल्या पावसानंतर येणारा मातीचा वास बव्हंशी याच गटाने निर्माण केलेल्या जिओस्मिन या संयुगामुळे असतो.

(३) आर्किया : दिसण्यात सूक्ष्मजंतूंसारखे, परंतु उत्क्रांतीच्या दृष्टीने त्यांहून वेगळे असे हे एककोशिक जीव आहेत. त्यांतील काही अमोनियाचे ऑक्सिडीभवन करतात, हे २००५ मध्ये सागरी जातीच्या संवर्धनावरून सिद्ध झाले. मृदेत ही क्रिया करणाऱ्या सूक्ष्मजंतूंपेक्षा त्यांची संख्या पुष्कळदा अधिक असते, असे २००६ मध्ये आढळले. २०११ मध्ये तर केवळ अम्लधर्मी परिस्थितीतच वाढणारी एक जाती मृदेतून मिळाली. अम्लधर्मी वनमृदेत नायट्रीकरण कसे होते, या जुन्या कोड्याचा त्यामुळे बराच उलगडा झाला.

(४) कवक : वजनाच्या दृष्टीने वनमृदेत बहुधा यांचाच वाटा सर्वांत मोठा असतो. एक ग्रॅम मृदेतील कवकतंतूंची एकत्रित लांबी शेकडो मीटर भरू शकते. हे तंतू कोरड्या जागेतून व पानाच्या कठीण आवरणातून आरपार वाढू शकतात आणि एका ठिकाणचे पोषक द्रव्य दुसऱ्या ठिकाणी नेतात. ही क्षमता एकट्या राहणाऱ्या सूक्ष्मजंतूंत नसते. लाकडातील लिग्निनाचे पूर्ण विघटन मुख्यतः शुभ्रकुज घडविणारे कवक करतात. आर्मिलेरिया, हेटेरोबॅसिडियॉन इ. काही कवक जिवंत झाडांच्या मुळांवर हल्ला करून ती कुजवितात. [⟶ कवक].

(५) इतर जीव : शैवले व नील-हरित सूक्ष्मजंतू उजेड पोहोचणाऱ्या उघड्या मातीवर व खडकांवर वाढतात. कवक व शैवल यांच्या सहजीवनाने बनलेले शैवाक (उदा., दगडफूल) खडकावर प्रथम वस्ती करतात आणि आपल्या अम्लांनी त्याचा पृष्ठभाग झिजवून मृदेच्या निर्मितीस आरंभ करून देतात. प्रजीव व सूत्रकृमी सूक्ष्मजंतू खाऊन जगतात. खाल्लेल्या अन्नातील जादा नायट्रोजन ते अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतात व तो मुळांना मिळतो. सूक्ष्मजंतूंवर जगणारे व्हायरस त्यांच्या पेशी फोडून आतील द्रव्ये मोकळी करतात.

पालापाचोळ्याचे विघटन : झाडावर असतानाच पानात काही कवकांनी प्रवेश केलेला असतो. पान गळल्यावर प्रथम शर्करा व इतर विद्राव्य द्रव्ये संपतात, नंतर सेल्युलोज व शेवटी लिग्निन यांचे विघटन होते. या कामाचा वेग तापमान, ओलावा, अम्लता आणि पानाची रासायनिक घटना यांवर ठरतो. यांपैकी कार्बन व नायट्रोजन यांचे गुणोत्तर विशेष निर्णायक असते. सूक्ष्मजंतूंना आपल्या पेशी बनविण्यासाठी कार्बनाच्या प्रमाणात पुष्कळ नायट्रोजन लागतो. पाचोळ्यातील हे गुणोत्तर सु. २५ ते ३० पेक्षा कमी असल्यास गरजेपेक्षा जादा ठरणारा नायट्रोजन सूक्ष्मजीव मृदेत सोडतात. ते त्याहून बरेच अधिक असल्यास उणीव भरून काढण्यासाठी ते मृदेतीलच नायट्रोजन शोषून घेतात व वनस्पतींना तो काही काळ दुर्मिळ होतो. या दुसऱ्या क्रियेस अचलीकरण म्हणतात.

नायट्रोजनाचे चक्र : प्रथिनांच्या विघटनातून अमोनियम तयार होते. त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करण्याची क्रिया म्हणजे नायट्रीकरण होय. हे दोन टप्पे वेगवेगळे सूक्ष्मजीव पार पाडतात असे दीर्घकाळ मानले जाई. परंतु दोन्ही टप्पे एकटेच पूर्ण करणारे नायट्रोस्पायरा प्रजातीतील सूक्ष्मजंतू २०१५ मध्ये आढळले. डोंगरउतारावर या क्रियेला एक खास महत्त्व आहे. अमोनियमावर धन विद्युत् भार असल्यामुळे ऋण भार असलेल्या मृण्मय कणांना व ह्यूमसाला ते चिकटून राहते. नायट्रेटावर ऋण भार असल्याने ते बहुतेक मृदांत धरले जात नाही व पाण्याबरोबर सहज निघून जाते. जाताना विद्युत् भाराचा समतोल राखण्यासाठी ते कॅल्शियम, मॅग्नेशियम व पोटॅशियम यांनाही बरोबर नेते. निरोगी वनात मुळे, कवकमूल व इतर सूक्ष्मजीव अमोनियम तयार होताच टिपून घेतात. त्यामुळे नायट्रीकारकांच्या वाट्याला ते थोडेच येते व ओढ्याच्या पाण्यात नायट्रेट अत्यल्प आढळते. मृदेतील हवा कमी पडल्यास काही सूक्ष्मजंतू नायट्रेटाचे वायुरूप नायट्रोजन किंवा नायट्रस ऑक्साइड यांत रूपांतर करतात.

मुळांवर गाठी असलेल्या वनस्पतींत शिंबावंतांखेरीज फ्रँकिया या ॲक्टिनोमायसीटाशी सहजीवन करणारा एक गट आहे. हिमालयातील उतीस (ॲल्नस नेपालेन्सिस) व लडाख, स्पिती येथील हिप्पोफी (सीबकथॉर्न) ही त्याची उदाहरणे होत. फ्रँकियाचे शुद्ध संवर्धन करण्यात १९७८ मध्ये प्रथम यश आले.

कवकमूल : बहुसंख्य वनवृक्षांची मुळे कवकांशी सहजीवन करतात. झाड कवकास शर्करा पुरविते. कवक झाडास फॉस्फरस, नायट्रोजन व पाणी मिळवून देतो. बाह्य कवकमुलात कवक मुळाच्या टोकाभोवती आवरण तयार करतो, परंतु पेशींच्या आत शिरत नाही. चीड, देवदार, फर, ओक, भूर्ज व साल या हिमालयातील प्रमुख वृक्षांत हा प्रकार आढळतो. आंतरकवकमुलात तंतू पेशींत शिरून झुडपासारख्या रचना करतात. सह्याद्रीतील बहुतेक वृक्षांत हा प्रकार असतो. दक्षिणेकडील घाटांतील डिप्टेरोकार्पेसी कुलातील वृक्ष मात्र बाह्य कवकमूल असलेले आहेत. बुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) व ऑर्किडे यांच्या कवकमुलांचे प्रकार वेगळे आहेत. बुरांसाचे कवक अत्यंत अम्लधर्मी ह्यूमसातूनही सेंद्रिय नायट्रोजन मिळवू शकतात.

या सहजीवनाचे महत्त्व लागवडीच्या अपयशांतून विशेष स्पष्ट झाले. पाइन मूळचे नसलेल्या उष्णकटिबंधीय प्रदेशांत पाइनाची रोपे खते देऊनही खुरटून पिवळी पडत. प्वेर्त रीको बेटावर १९५० नंतरच्या दशकात पाइनच्या वनातील कवकयुक्त माती मिसळल्यावरच ती जोमाने वाढू लागली. शेजारच्या झाडांची मुळे एकाच कवकजालाने जोडली जाऊ शकतात. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या वनात भूर्ज व डग्लस फर यांच्यात कार्बनाची देवाणघेवाण होते, असे एस. डब्ल्यू. सिमार्ड व त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये दाखविले. मात्र हा कार्बन कवकजालातूनच किती जातो व झाडाच्या वाढीस तो किती उपयोगी पडतो, याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

उंची व ऋतुमान यांचा परिणाम : उंचीप्रमाणे वनस्पतींच्या जाती बदलतात, तसाच बदल सूक्ष्मजीवांत होतो का, याविषयीचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. अमेरिकेतील रॉकी पर्वतात ॲसिडोबॅक्टेरियांची विविधता उंचीबरोबर घटत जाते, असे २००८ मध्ये आढळले. पेरूमधील अँडीज पर्वताच्या पूर्व उतारावरील २०११ च्या पाहणीत सूक्ष्मजंतूंच्या विविधतेत उंचीनुसार असा कल दिसला नाही. त्याच प्रदेशातील २०१८ च्या अधिक विस्तृत अभ्यासात मात्र वनस्पतींप्रमाणेच सूक्ष्मजीवांची विविधताही तापमानानुसार बदलते, असे दिसून आले. मृदेचे पीएच मूल्य हा सूक्ष्मजंतूंच्या विविधतेवर परिणाम करणारा प्रमुख घटक आहे, यावर मात्र सर्वसाधारण एकमत आहे.

हिवाळ्यात बर्फाखालची मृदा निष्क्रिय असते, हा समजही मागे पडला आहे. बर्फाचा जाड थर उष्णतारोधक असल्याने त्याखालील मृदेचे तापमान ०° से. च्या आसपास राहते व शीतसह्य कवक आणि सूक्ष्मजंतू विघटन चालू ठेवतात. कोलोरॅडोतील नायवॉट रिज येथील वनात बर्फाचे आवरण पातळ पडलेल्या हिवाळ्यांत मृदेचे श्वसन घटते, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. म्हणजे हवा उबदार होऊन बर्फ कमी पडल्यास त्याखालील मृदा उलट अधिक थंड होऊ शकते.

मोसमी प्रदेशात तापमानापेक्षा पावसाचा हंगाम अधिक निर्णायक असतो. उन्हाळ्यात सुकलेली मृदा पहिल्या पावसाने भिजताच सूक्ष्मजीवांचे श्वसन एकाएकी वाढते व थोड्या दिवसांत बराच नायट्रोजन मोकळा होतो. एच. एफ. बर्च यांनी पूर्व आफ्रिकेतील मृदांवर केलेल्या प्रयोगांच्या आधारे १९५८ मध्ये याचे सविस्तर वर्णन केले. म्हणून यास बर्च परिणाम म्हणतात.

हिमालयातील बांज व चीड वने : कुमाऊँ व गढवाल भागांत सु. १,२०० ते २,३०० मी. उंचीवर बांज (एक प्रकारचा ओक) व त्याखालच्या, काही ठिकाणी त्याच पट्ट्यात, चीड (पायनस रॉक्सबर्घाय) यांची वने आहेत. बांजाची पाने गुरांना चारा व वैरण म्हणून, त्याचे लाकूड सरपण म्हणून उपयोगी पडते आणि त्याच्या वनाखालची मृदा ओलावा धरून ठेवते. यामुळे डोंगरी खेड्यांचे जीवन बांजाशी निगडित आहे. सततच्या छाटणीने, चराईने व आगींनी बांज विरळ झाला, की तेथे चीड शिरतो आणि एकदा शिरलेल्या चिडाच्या जागी बांज सहसा परत येत नाही.

याचे एक कारण मृदेतील सूक्ष्मजीवांत सापडले. नैनिताल येथील कुमाऊँ विद्यापीठातील जे. एस. सिंग, वाय. एस. रावत व ओ. पी. चतुर्वेदी यांनी १९८४ मध्ये नेचर या नियतकालिकात यासंबंधीचे संशोधन प्रसिद्ध केले. चीड पान गळण्यापूर्वी त्यातील नायट्रोजनाचा मोठा भाग परत काढून घेतो. त्यामुळे गळलेल्या सुयांत कार्बनाच्या मानाने नायट्रोजन फारच थोडा उरतो. त्या कुजविताना सूक्ष्मजीव मृदेतील नायट्रोजनाचे अचलीकरण करतात. परिणामी अधिक नायट्रोजनाची गरज असलेल्या बांजाच्या रोपांची उपासमार होते, तर थोडक्यात भागविणारा चीड टिकून राहतो. शिवाय सुयांचा साचलेला थर उन्हाळ्यात सहज पेट घेतो व आगीत बांजाची रोपे जळतात. अशा रीतीने एक वृक्ष आपल्या पाचोळ्याच्या द्वारे सूक्ष्मजीवांकरवी मृदा स्वतःस अनुकूल व दुसऱ्यास प्रतिकूल करून घेतो. केवळ चिडाची तोड करून बांजाची वने पुन्हा उभी राहत नाहीत, याचे स्पष्टीकरण यातून मिळते.

कोळशासारखी काळी माती व पाचोळा असलेल्या हिमालयाच्या वनांत वसंत ऋतूत उगवणारी गुच्छी (मॉर्केला) ही मोठी बाजारी किंमत असलेली खाद्य कवके होत. काश्मीर व हिमाचल प्रदेशात त्यांच्या संकलनावर अनेक कुटुंबांना पूरक उत्पन्न मिळते.

सह्याद्रीतील वनमृदा : सह्याद्रीच्या माथ्यावर अतिवृष्टीमुळे बेसाल्ट खडकापासून जांभा तयार झाला आहे. महाबळेश्वर येथे वर्षाला ५,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. या पावसाने विद्राव्य क्षार धुपून जातात आणि मृदेत लोह व ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे उरतात. ही ऑक्साइडे फॉस्फेट घट्ट धरून ठेवतात. त्यामुळे मृदेत फॉस्फरस असूनही तो मुळांना मिळत नाही. अंजनी, जांभूळ व पिसा यांची महाबळेश्वर परिसरातील सदाहरित वने अशा मृदेवर उभी आहेत. आंतरकवकमुलाचे तंतू मुळांना न पोहोचता येणाऱ्या जागेतून फॉस्फेट गोळा करतात व काही सूक्ष्मजंतू सेंद्रिय अम्ले स्रवून बद्ध फॉस्फेट विरघळवितात. येथे पोषक द्रव्यांचा खरा साठा खोल मृदेत नसून वृक्षांत, पाचोळ्यात व वरच्या पातळ थरात असतो. हा थर धुऊन गेला, की उघडा जांभा उरतो व त्यावर वन पुन्हा उभे राहण्यास दीर्घ काळ लागतो.

भीमाशंकरच्या वनात पावसाळ्याच्या रात्री कुजलेल्या फांद्या व पाने हिरवट प्रकाशाने चमकताना दिसतात. मायसीना व तत्सम लाकूड कुजविणाऱ्या कवकांच्या जीवदीप्तीमुळे हे घडते. विघटनाचे एरवी अदृश्य असणारे कार्य येथे डोळ्यांना दिसते, असे म्हणता येईल.

कोकण व घाटमाथ्यावर भात, नाचणी यांच्या रोपवाटिकेसाठी राब भाजण्याची जुनी पद्धत आहे. झाडांच्या डहाळ्या, पाचोळा, गवत व शेण जमिनीवर पसरून पावसापूर्वी जाळतात. उष्णतेने वरच्या थरातील तणांचे बी व पुष्कळसे सूक्ष्मजीव मरतात. मृत पेशींतील नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने मोकळा होतो आणि राखेतून पोटॅश व चुना मिळतात. रोपे त्यामुळे जोमदार होतात. परंतु पाचोळ्यातील नायट्रोजनाचा मोठा भाग धुराबरोबर निघून जातो. शिवाय वनाच्या दृष्टीने हा पोषक द्रव्यांचा एकमार्गी प्रवास असतो. याउलट अनेक देवरायांत वाळलेले लाकूड वा पालाही बाहेर न नेण्याची प्रथा पाळली जात असे. अशा ठिकाणी विघटनाचे चक्र पिढ्यान् पिढ्या अखंड राहिले असल्याने मूळ वनमृदा व तिच्यातील सूक्ष्मजीव यांचे नमुने तेथे टिकून आहेत.

वृक्षतोड व वणवा यांचे परिणाम : वन तोडल्यावर मृदेतील सूक्ष्मजीव काय करतात, याचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेतील न्यू हँपशर राज्याच्या व्हाइट पर्वतात हबर्ड ब्रुक येथे झाला. एफ. एच. बोर्मन, जी. ई. लाइकेन्स व त्यांचे सहकारी यांनी १९६५ च्या अखेरीस १५·६ हेक्टर क्षेत्राच्या एका लहान पाणलोटातील सर्व झाडे तोडून ती जागीच ठेवली व पुढील तीन उन्हाळ्यांत तणनाशके फवारून नवी वाढ होऊ दिली नाही. ओढ्याचा वार्षिक प्रवाह अपेक्षेपेक्षा पहिल्या वर्षी ३९ टक्क्यांनी व दुसऱ्या वर्षी २८ टक्क्यांनी वाढला. पाण्यातील नायट्रेटाचे प्रमाण मात्र पहिल्या वर्षी ४१ पट व दुसऱ्या वर्षी ५६ पट झाले; पिण्याच्या पाण्यासाठी ठरविलेली मर्यादा ते जवळजवळ सतत ओलांडत राहिले. कॅल्शियम, मॅग्नेशियम व पोटॅशियम यांचा निचराही अनेक पटींनी वाढला. मृदा उखडलेली नव्हती किंवा लाकूडही बाहेर नेलेले नव्हते. अमोनियम टिपून घेणारी मुळे नाहीशी झाल्यामुळे ते सर्व नायट्रीकारक सूक्ष्मजंतूंना मिळाले, इतकाच काय तो फरक होता. वनाचे पोषण करणारी यंत्रणाच मुळांच्या अभावी त्याचा साठा रिता करू लागली. फवारणी थांबून झुडपे वाढू लागल्यावर काही वर्षांत नायट्रेटाचे प्रमाण पुन्हा उतरले. म्हणून तोडीनंतर जमीन किती काळ उघडी राहते, ही गोष्ट तोडीच्या क्षेत्राइतकीच महत्त्वाची ठरते.

वणव्याची उष्णता मृदेत फार खोल जात नाही. काही सेंटिमीटरांखालील सूक्ष्मजीव बहुधा वाचतात. परंतु त्यांची सर्वाधिक संख्या असलेला पाचोळ्याचा थरच नष्ट होतो. राखेमुळे अम्लता कमी होऊन नायट्रीकरणास चालना मिळते आणि पाठोपाठ येणारा मुसळधार पाऊस राख, नायट्रेट व सुटी माती वाहून नेतो. उत्तराखंडातील चीड वनांत एप्रिल ते जून या काळात लागणाऱ्या वणव्यांनंतर लगेच मोसमी पाऊस येत असल्याने हा धोका अधिक असतो. खतासाठी वा गुरांच्या बिछान्यासाठी वर्षानुवर्षे पाचोळा गोळा करीत राहिल्यानेही मृदा हळूहळू निकस होते.

वातावरणाशी संबंध : हवेशीर वनमृदेतील काही सूक्ष्मजंतू वातावरणातील मिथेन शोषून त्याचे ऑक्सिडीभवन करतात. वन तोडून तेथे शेती केल्यास ही क्षमता घटते. थंड पर्वतीय वनांत विघटन सावकाश होत असल्याने मृदेत कार्बनाचा मोठा साठा झालेला असतो. पेरूमधील अँडीज पर्वतावर उंचावरील मृदा खालच्या, उबदार पातळीवर आणून पाच वर्षे ठेवली असता सूक्ष्मजीवांचे कार्य वाढून तिच्यातील कार्बन घटला, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. तापमानवाढीमुळे पर्वतीय वनमृदा कार्बन साठविण्याऐवजी तो वातावरणात सोडू लागतील, ही शक्यता त्यामुळे गंभीरपणे विचारात घेतली जाते.

अभ्यासाच्या पद्धती : पूर्वी मृदा पाण्यात कालवून पोषक जेलीवर पसरीत व वाढलेल्या वसाहती मोजीत. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशींपैकी सामान्यतः शेकडा एक किंवा त्याहूनही कमी पेशी अशा रीतीने वाढतात. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून मृदेतून सरळ डीएनए काढून त्यावरून जाती ओळखण्यात येऊ लागल्या. मृदेचे श्वसन, एंझाइमांची क्रियाशीलता व जाळीच्या पिशव्यांत ठेवलेल्या पानांच्या वजनातील घट यांवरून प्रत्यक्ष कार्य मोजतात. अल्मोड्याजवळ कोसी-कटारमल येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या गोविंद वल्लभ पंत संस्थेत हिमालयातील शीतसह्य सूक्ष्मजीवांवर संशोधन होते.

वनांचे पुनरुज्जीवन : दरडी कोसळून उघड्या पडलेल्या जमिनीवर पूर्व हिमालयात उतीस आपोआप उगवतो. फ्रँकियाच्या साहाय्याने तो अनुकूल स्थितीत दर हेक्टरी वर्षाला १०० किग्रॅ. किंवा त्याहून अधिक नायट्रोजन मृदेत भरू शकतो व पुढील वृक्षांना जागा तयार करून देतो. नागालँडमधील खोनोमा येथील शेतकरी फिरत्या शेतीत उतीस न तोडता केवळ त्याचा शेंडा छाटतात व जमिनीचा कस राखतात. सिक्कीममध्ये मोठ्या वेलदोड्याची लागवड उतिसाच्या सावलीत करतात. रोपवाटिकेत जुन्या वनातील थोडी माती मिसळणे, लागवडीत एकाच जातीऐवजी रुंदपर्णी व शिंबावंत वृक्ष मिसळणे, पडलेले लाकूड व पाचोळा जागीच राहू देणे, तोडलेला उतार उघडा न ठेवणे आणि उरलेल्या वनाचे तुकडे जवळपास राखणे हे उपाय साधे असले, तरी त्यांचा पाया सूक्ष्मजीवांच्या ज्ञानात आहे. उतारावर झाडे लावणे काही दिवसांत होते. त्यांच्या मुळांभोवतीचा सूक्ष्मजीवसमूह व त्याने बांधलेली मृदा पूर्ववत होण्यास मात्र अनेक दशके लागतात. म्हणून अशा प्रदेशात नवी लागवड करण्यापेक्षा अस्तित्वात असलेली वनमृदा राखणे अधिक फलदायी ठरते.